अर्धं बटण

कॅमेऱ्यात एकच फोटो होता.

भाच्याने पुढे जायचं बटण दाबलं. तोच फोटो आला. मागे जायचं दाबलं. पुन्हा तोच. एकुलता एक फोटो असला की पुढे गेलं काय नि मागे गेलं काय, माणूस तिथेच येतो, हे त्याला आज कळलं.

शेजारी मावशी चष्मा पुसून बसली होती. एकाच इस्पितळात, एकाच वॉर्डात तेहतीस वर्षं नर्स. दुपारीच तिला निरोप दिला होता. समोर काका, म्हणजे मावशीचे यजमान, खुर्ची ओढून जय्यत तयार.

“बाकीचे कुठे गेले?” मावशीने विचारलं.

बाकीचे दोनशे होते, निदान भाच्याच्या समजुतीप्रमाणे. खिशात मावणारा हा कॅमेरा मावशीनेच त्याला घेऊन दिला होता, आणि सोबतच्या पुस्तिकेचं त्याने तीन दिवस पारायण केलं होतं. वरच्या चकतीवरचा डोंगर कशासाठी, फूल कशासाठी, पळणारा माणूस कशासाठी, विचारा. अकराव्या पानावर लिहिलं होतं: बटण हलकेच अर्धं दाबा, हिरवा चौकोन दिसेल, ‘बीप’ वाजेल. त्याने दाबलं, दिसला, वाजलं. इथे शिक्षण पूर्ण झालं असं समजून तो थेट चकतीच्या पानावर गेला. बटण अजून खाली जातं, हे बाराव्या पानावर होतं.

बरं, गप्प तरी बसावं. समारंभात सगळ्यांनी मोबाइल काढले, तेव्हा यानेच ते आत ठेवायला लावले. म्हणे, सगळीकडून हात वर आले की फोटो बिघडतो. थोरल्या सिस्टरना डॉक्टरसुद्धा वचकून असतात. त्यांनीही निमूट मोबाइल पर्समध्ये टाकला. मग भाषणाला बीप, गुच्छाला बीप, मावशीने डोळे टिपले तेव्हा गुडघ्यावर बसून तीन बीप. अजून किती फोटो मावतील तो आकडा कोपऱ्यात चारशे बारा होता, तो दोन तास चारशे बाराच राहिला. कार्ड काय दणकट आहे, असं भाच्याला वाटलं.

काकांनी त्याला काढून दाखवायला सांगितलं. त्याने कॅमेरा धरला, बोट ठेवलं. बीप.

“मग?”

“मग काय, निघाला.”

काकांनी त्याच्या बोटावर आपला अंगठा ठेवला आणि दाबला. कट्कन आवाज झाला, लख्खकन उजेड पडला, आणि काकांच्या गुडघ्याचा अतिशय स्पष्ट फोटो निघाला.

“लिफ्टचं बटण तरी पूर्ण दाबतोस ना?” काका म्हणाले.

धरणीने पोटात घ्यावं म्हणावं, तर घर तिसऱ्या मजल्यावर. मध्ये दोन बिऱ्हाडं लागली असती.

मावशीने विचारलं, मग हा एक कसा निघाला? भाचा जमिनीकडे बघत म्हणाला, तो तू काढलास. सगळ्यांना ओळीत उभं करताना त्याने कॅमेरा तिच्याकडे धरायला दिला होता. परत घेतला तेव्हा आकडा चारशे अकरा झालेला. त्यावर त्याने तिला अठरा माणसांसमोर सुनावलं होतं की मावशी, उगाच दाबू नकोस गं, वाया जातात. सगळे हसले होते. मावशीही हसली होती.

“मला काय ठाऊक तुझं अर्धं-बिर्धं,” मावशी म्हणाली. “इंजेक्शन द्यायचं तर शेवटपर्यंत द्यायचं.”

नव्या नर्सला सांगावं तसं म्हणाली. त्यापेक्षा कानाखाली दिली असती तर भाच्याला बरं वाटलं असतं.

फोटो असा होता: मधोमध भाच्याची पाठ. चौकड्यांचा शर्ट, अर्धा पँटबाहेर आलेला, दोन्ही हात फैलावलेले, कोंबड्या हाकल्यासारखे. त्या पाठीमागे वॉर्डातली अठरा माणसं. जिच्यासाठी भाचा कॅमेरा घेऊन गेला ती फोटोत नव्हती, कारण फोटो तिनेच काढला होता.

भाच्याने तिला बटणाभोवतीची दांडी दाखवली. उजवीकडे लोटली की जवळ दिसतं. मावशीने लोटली.

“हा हात थोरल्या सिस्टरचा,” ती म्हणाली. “घड्याळ बघ, आतल्या बाजूला बांधलंय. तुझ्या बगलेखाली आहे तो कान मलमपट्टीवाल्या ड्रेसरचा.”

अंबाड्यावरून एक ओळखली, चपलेवरून आयाबाई ओळखल्या. काकासुद्धा गुडघा विसरून वाकून बघायला लागले. असे सतरा जण सापडले. एक राहिली. वीस वर्षं मावशीसोबत रात्रपाळी केलेली, एका डब्यातून जेवलेली मैत्रीण. तीही आजच निवृत्त झाली होती आणि समारंभातून परस्पर स्टेशनवर गेली होती. साडेपाचच्या गाडीने, लेकीकडे, कायमची.

मावशी चित्र इकडून तिकडे सरकवत राहिली. डावीकडे नव्हती, उजवीकडे नव्हती. मग मावशी चित्राच्या मध्यावर आली. दांडी लोटली, अजून लोटली. पडदाभर चौकड्या झाल्या.

“इथेच उभी होती बघ,” ती हळूच म्हणाली. मग चष्मा कपाळावर चढवून तिने कॅमेरा डोळ्यांजवळ नेला आणि त्या शर्टाला म्हणाली, “जरा बाजूला हो ना रे.”

सोफ्यावर भाचा सरकला.