साफ रिपोर्ट

नसबंदीनंतरचा आपला रिपोर्ट आणायला देवानंद चिखलीला गेला, तेव्हापासून सुवर्णाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाजीत दोनदा मीठ पडलं, रिकाम्या तव्याखाली गॅस तसाच जळत राहिला.

तीन महिन्यांपूर्वी ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी दोघांना बजावलं होतं, "रिपोर्ट साफ येईपर्यंत दिवस राहू शकतात. तोवर संबंध नको. बाकी जवळीक खुशाल करा." ती बाकीची जवळीक म्हणजे काय, हे बारा वर्षांच्या संसारात दोघांनाही ठाऊक नव्हतं. आजवर सगळं पाच मिनिटांत उरकायचं आणि तो कूस बदलून घोरायला लागायचा. या तीन महिन्यांत मात्र त्याचे हात सावकाश झाले होते. "अथी बरं वाटते का तुले?" असं तो विचारायचा. आपल्यालाही काही हवं असतं, हे सुवर्णाला पहिल्यांदाच कळलं होतं. आता रिपोर्ट साफ आला की पुन्हा तीच पाच मिनिटं.

देवानंद आला. तिनं पाण्याचा गिलास पुढे केला.

"काय म्हणे डॉक्टर?"

"साफ नाही म्हणे अजून," तो चपला काढता काढता खालीच बघत म्हणाला. "आणखी तीन महिने थांबा लागते."

"थांबू मंग," ती म्हणाली आणि हसू दिसू नये म्हणून तव्याकडे वळली.

सकाळी तिनं त्याचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात घडी केलेला कागद लागला. रिपोर्ट साफ होता.

तिनं तो होता तसाच खिशात सरकवला आणि शर्ट न धुताच पुन्हा खुंटीला अडकवला.