चऱ्होलीचा दादू

"मेलेलं माणूस कधी दिसतं का, एवढंच विचारतोय मी," उद्धवराव सहस्रबुद्धे काकुळतीला येऊन म्हणाले. "वेड्यांच्या इस्पितळाचा आणि माझा काही संबंध नाही हो!"

चऱ्होलीच्या पारावर बसलेला गेनबा सावकाश तंबाखू मळत राहिला.

ही शांतता उद्धवरावांच्या चांगली ओळखीची होती. शहाण्यासुरत्या माणसांनाही भास होतात, हे सिद्ध करण्यात त्यांच्या उमेदीची दहा वर्षं गेली होती. पण भोसरीत बायांनी 'येरवड्याहून वेड्यांची गाडी आली' म्हणून दारं लावून घेतली, आणि चाकणला एकानं त्यांनाच अंगारा लावला. आता तर कॉलेजातले मानसशास्त्राचे विभागप्रमुख लक्ष्मणराव निर्वाणीवर आले होते. "या खेपेला धड डोक्याचा एक तरी साक्षीदार आणा," ते म्हणाले होते, "नाहीतर हे भासांचं दुकान आवरा आणि शाळेतल्या पोरांची बुद्धी मोजायला लागा." उद्धवरावांना पोरांची मनापासून धास्ती होती.

"दिसतो की," गेनबा म्हणाला.

उद्धवरावांनी घाईघाईनं वही उघडली. "कोण?"

गेनबानं मागं वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दादू. आज सकाळीच इहिरीवर दिसला."

"तो मेला हे नक्की?"

"म्या सोता त्याच्या तेराव्याला जेवलोय. बुंदीचं लाडू हुतं."

"आणि जाळताना पाहिलंत?"

"व्हय तर. वाळल्या गवतावानी भडाभडा पेटला. पर साहेब, त्याचं कसं झालं, बारा वर्सं पत्त्या न्हाई, मग भटजींनी दर्भाचा—"

"कारण नको!" उद्धवरावांनी हात वर केला. साक्षीदारानं काय पाहिलं तेवढंच ऐकायचं, का पाहिलं ते आपण ठरवायचं, हा त्यांचा नेम होता. त्यांच्या सगळ्या शास्त्राचा पाया या नेमावर उभा होता आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. "अनुभव सांगा. कारणाचं मी बघतो."

"बरं," गेनबा म्हणाला, आणि त्यानं तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली.

मग उद्धवरावांनी गाव पिंजून काढलं. त्यांची ट्रंक डोक्यावर घेऊन एक माणूस मागून येत होता. एसटी थांब्यावर त्यानं ती आपणहून उचलली होती. वयानं चाळिशीचा, बिडी ओढून सारखा खोकणारा. गावात त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं की त्याला कुणी बस म्हणत नव्हतं. हमालाला कोण विचारतं, असं उद्धवरावांनी मनाशी म्हटलं, आणि त्यांनीही विचारलं नाही.

ठकुबाईला दादू दिसत होता. देवळातल्या गुरवाला दिसत होता. वाणी म्हणाला, "दिसतो, आन उधारी बी मागतो." अख्खं गाव एकच मेलेला माणूस बघत होतं, आणि वर कांद्याचा भाव बिनचूक सांगत होतं! उद्धवरावांचे पाय जमिनीला लागेनात.

शेवटी ते दादूच्या बायकोकडे, गवराबाईकडे गेले. हमाल अंगणाबाहेर लिंबाखाली टेकला. गवराबाईचं कपाळ मोकळं होतं.

"बाई, राग मानू नका. तुमचे मालक तुम्हाला दिसतात?"

"रोज येत्यात. जेवत्यात."

"बोलतात?"

"आमटी खारट झाली म्हंत्यात. ती कवाच खारट नसती."

"भीती नाही वाटत?"

"भ्यायचं काय त्यात? जिते हुते तवा जास्त भ्यायची मी. आता आवाज चढवला की म्हंती, मेल्या मानसानं गप ऱ्हावं. ऱ्हात्यात." तिनं पदर तोंडाला लावला; हसू होतं की काय कोण जाणे. "एकदा तेरावं झालं की झालं; जेवाय घालावं, पर कुंकू लावायचं न्हाई. भटजींनीच तसं सांगितलंय."

"आत्ता त्यांची काही चाहूल लागते?"

"मगाशी खोकल्यालं आईकलं की."

ऐकूही येतात! उद्धवरावांना बाईचे पाय धरावेसे वाटले. लक्ष्मणरावांचा चेहरा कसा होईल, हे डोळ्यांपुढं आणून ते तिथंच एकटे हसले. गवराबाईनं त्यांच्याकडं काळजीनं पाहिलं आणि गूळपाणी दिलं. ते निघाले तेव्हा तिनं एका पानावर दोन भाकरी आणि ठेचा घालून ते उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि मुकाट्यानं पाठ फिरवली. हमालानं ते उचललं. मेलेल्या नवऱ्याच्या वाट्याची भाकरी हा बेटा खातो, हे उद्धवरावांना जरा खटकलं. पण उपाशी माणसाला काय बोलायचं?

थांब्याकडं जाताना ते आनंदात होते, म्हणून त्यांनी हमालाशी दोन शब्द बोलायचं ठरवलं.

"इथलेच का तुम्ही?"

"इथलाच. मधी बारा वर्सं आसामात हुतो, चहाच्या मळ्यात. लिवता येत न्हाई, मग कागद कुठला धाडतो?"

"अरेरे. मग परत आल्यावर घरच्यांना आनंद झाला असेल."

"आलो तवा घरात पंगत बसली हुती," हमाल म्हणाला. "मला बी वाढलं. लाडू मातूर संपलं हुतं."

"वा, वा," उद्धवराव म्हणाले. त्यांचं लक्ष नव्हतं. व्याख्यानाचं पहिलं वाक्य ते मनातल्या मनात जुळवत होते.

आळंदीकडून एसटी धुरळा उडवत आली. हमालानं ट्रंक वर चढवली. उद्धवराव पायरीवर उभे राहिले आणि त्यांना एकदम आठवलं की आज भेटलेल्यांपैकी हा एकच माणूस विचारायचा राहिला. शास्त्रात असली ढिलाई चालत नाही. बस हलली तसे ते दांडीला धरून बाहेर वाकले.

"अहो, तुम्हाला दिसतो का कधी तो दादू?"

"दिसतो की साहेब," हमाल हात हलवत ओरडला. "दाढी करताना. आरशात."