बुजवलेला मंगळ

प्रिंटरनं कागद बाहेर टाकला, आणि त्यात मंगळ नव्हता.

बळवंतरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रवी होता, चंद्र होता, शनी तर नको तितका ठसठशीत होता. पण सातव्या घरात, जिथं त्यांच्या लेकीचा, कादंबरीचा मंगळ जन्मापासून ठाण मांडून बसलेला, तिथं नुसता पिवळट डाग. हळदीचं बोट लागल्यासारखा.

"मंगळ कुठं गेला?"

"गेला असेल सरोजिनी नगरला, सेल लागलाय," त्यांच्या आई, अलकनंदाबाई, वाती वळता वळता म्हणाल्या.

हल्ली दिल्लीतला जो तो मराठी माणूस त्याच एका वेबसाइटवरून पत्रिका काढतो. तिथं सगळे ग्रह काळे आणि मंगळ तेवढा लाल, लांबूनच दिसावा म्हणून. या लाल मंगळानं कादंबरीची दोन स्थळं पळवली होती. आज तिसरं यायचं होतं, गुरुग्रामहून, आणि या खेपेला पंचाईत अशी की मुलगा पोरीला मनापासून आवडला होता. त्याची आई फोनवर म्हणाली होती, "मोबाइलवरचं मला दिसत नाही हो, कागदच द्या."

म्हणून तर काल बळवंतरावांनी रंगांच्या कार्ट्रिजमध्ये सिरिंजनं शाई भरली होती. वर तीन भोकं, एकेका रंगाचं एकेक. दुकानदारानं बजावलं होतं, "अंकल, टेप लगाओ, पर सुई से छेद रखना. हवा नहीं जाएगी तो इंक नहीं आएगी." त्यांनी चिकटपट्टी लावली, टाचणीनं टोचली, सगळं नियमाप्रमाणे. मग ते अंघोळीला गेले होते.

त्यांनी झाकण उघडून कार्ट्रिज काढलं. निळ्यावर टाचणीनं टोचलेलं होतं, पिवळ्यावरही होतं. लालवर मात्र मेणाचा जाडजूड थेंब, वरून अंगठ्यानं नीट दाबलेला.

"आई, हे मेण कुणी लावलं?"

"मी. उघडं होतं ते."

"उघडंच ठेवायचं असतं. म्हणजे आधी भोकातून शाई भरायची, मग ते बुजवायचं, आणि मग बुजवलेल्याला भोक पाडायचं."

अलकनंदाबाईंनी लेकाकडे कीव येऊन पाहिलं. "बळू, तुमच्या मंत्रालयात हेच चालतं का रे दिवसभर?"

"मग बाकीची दोन का नाही बुजवलीस?"

"मेण संपलं."

वीतभर मेणबत्ती त्यांच्या समोरच उभी होती. बळवंतराव कधी मेणबत्तीकडे बघत, कधी आईकडे.

"तुझ्या आजोबांच्या वऱ्हाडाची होडी कृष्णेत फुटली," आई म्हणाल्या. "भोक एवढं, की सुसर आत डोकावून कोण कोण आलंय ते बघून गेली. आजोबांनी काय केलं? पुरणाचा गोळा थापला वर. पोचले पैलतीराला. तिथं कुणी होडी उलटी करून बघितली नाही."

"आणि सुसर?"

"ती पुरण चाटत मागनं आली. जेवूनच गेली."

बळवंतरावांना कळेना. मेण खरवडावं, तर रंग उतरायला अर्धा तास. न खरवडावं, तर हे खोटं म्हणायचं की बिघाड? त्यांनी काहीच लपवलं नव्हतं, मशीननं लपवलं होतं. मशीनला आईनं सांगितलं होतं. आईला कुणी सांगितलं होतं? त्यांनी नख मेणावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

कादंबरी साडी सावरत बाहेर आली. तिनं कागद उचलला. "बाबा, माझा मंगळ?"

"प्रिंटरचा प्रॉब्लेम आहे. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"आजीला विचार."

कादंबरीनं वडिलांच्या हातातल्या कार्ट्रिजवरचं मेण पाहिलं आणि तिला विचारायची गरज उरली नाही. "आजी, यार. असं नाही करायचं. पृथ्वीराजला मी खोटं नाही सांगणार. तो नाही म्हणाला तरी चालेल." शेवटचं वाक्य तिला नीट बोलता आलं नाही.

"सांग की खरं. आधी चहा तर होऊ दे," आजी म्हणाली.

बेल वाजली.

पृथ्वीराज आला, मागून त्याची आई. कल्पनानं, बळवंतरावांच्या बायकोनं, पोहे आणले. लक्ष्मीबाई नगरचं पाणी, गुरुग्रामचं ट्रॅफिक, सगळं बोलून झालं. मग अलकनंदाबाईंनी स्वतः उठून पत्रिका पाहुणीच्या हातात दिली.

तिनं ती जवळ धरली, लांब धरली, खिडकीकडे धरली. बळवंतरावांचे कान तापले. बोलावं, पण सुरुवात कशानं करावी? मंगळानं, मेणानं, की हवेनं?

कादंबरीनं कप खाली ठेवला. "काकू, एक सांगायचं होतं. या कागदावर..."

"थांब गं, आधी आमची बघून घ्या," पाहुणी घाईघाईनं म्हणाली. तिनं पर्समधून घडी केलेला कागद काढून बळवंतरावांना दिला, आणि देताना नजर पोह्यांवर ठेवली. "आमच्याकडे लाल रंग तेवढा उठत नाही हो. प्रिंटर जुना झालाय."

"जुना?" पृथ्वीराज म्हणाला. "मम्मी, गेल्या महिन्यात तर घेतलाय."

"तू पोहे खा."

बळवंतरावांनी ग्रह मोजले. एक कमी. पुन्हा मोजले. "आमच्याकडेही तसंच," ते पुटपुटले, "म्हणजे, हवा जात नाही बहुतेक..."

कादंबरीनं पृथ्वीराजकडे पाहिलं. त्यानं आईच्या हातातला कागद पाहिला, वडीलधाऱ्यांची तोंडं पाहिली, आणि दोघांनाही हसू आवरेना.

"मग जुळली की पत्रिका," अलकनंदाबाई म्हणाल्या. "कल्पना, साखर आण."