एकशे अडुसष्टावा भागाकार

ओल्या फडक्याने खळ भिजली, दोन कागदांचा सांधा सुटला आणि खालून एक आकडा वर आला : २९३.

बाइंडिंगवालीने फडकं बाजूला ठेवलं. वही तिच्या बाबांची होती. उद्या ती शाळेच्या वाचनालयात जायची होती, म्हणून नवी शिलाई घालायला त्यांनी लेकीच्या दुकानात आणून दिली होती. वहीत एकच दावा होता : १०,००,००९ ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. हे ठरवायला हजारापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, बस्स. बाबांनी दोन कागदांवर यादी केली, ते वहीत चिकटवून घेतले आणि मग एकेकीने भागत गेले. एकशे सदुसष्ट भागाकार. बाकी शून्य एकदाही नाही.

"भाग जाणार म्हणजे जाणार, लिहून ठेव," मोठे काका तेव्हा म्हणाले होते. शब्दाने शब्द वाढला. "मग भाग घालून दाखव, नाहीतर माझ्या घराची पायरी चढू नकोस," बाबा कडाडले. त्याला बावीस वर्षं झाली. सख्खे भाऊ, एकाच गल्लीत घरं, पण बोलणं बंद ते बंदच.

२९३ने भागायचं राहूनच गेलं होतं. तिने पुठ्ठ्यावर तो भागाकार मांडला. तीन, चार, एक, तीन. शेवटी ८७९ मधून ८७९ गेले. पुन्हा करून पाहिला. बाकी शून्यच!

आणि ते कागद चिकटवले होते कोणी? तिनेच. आठ वर्षांची होती, खळ लावायची भारी हौस. दुसरा कागद बोटभर जास्त वर चढला आणि पहिल्याच्या तळाशी एकटा पडलेला आकडा झाकला गेला. वर बाबांची शाबासकीही मिळाली होती.

परत चिकटवायला चिमूटभर खळ पुरली असती. बाबांची मान खाली जाईल, या विचाराने तिला रडू येत होतं. पण चुकीच्या पानांवर शिलाई घालायला तिचा हात धजेना. तिने दुकानाला कुलूप घातलं आणि तडक घर गाठलं.

बाबांनी भागाकार दोनदा केला. मग चष्मा काढला.

"हे चिकटवलं कोणी होतं?"

"मी."

"छान घट्ट चिकटवलंस हो," ते म्हणाले आणि उठले. "चपला दे माझ्या. दादाकडे जायचंय."

दार काकांनीच उघडलं.

"दादा, तू जिंकलास," बाबा पायरीखालूनच म्हणाले. "भाग जातो. दोनशे त्र्याण्णवने."

"म्हणजे, खरंच जातो?" काकांनी विचारलं. "अरे वेड्या, मी कधी भागून बघितलंच नाही! दिवसभर त्या आकड्यात डोकं घालून बसायचास, जरा माझ्याशी बोलावंस म्हणून तुला डिवचलं होतं."