वस्तीच्या आड

खोदयंत्राच्या बकेटनं टेकडीचा एक घास घेतला होता. दुसऱ्यासाठी ती वर उचलली गेली आणि तिथंच थांबली. कारण खाली, नुकत्याच पडलेल्या खिंडारात, कोंडाबाई येऊन बसली होती.

यंत्र धडधडत होतं. चालक बिभीषण काच सरकवून ओरडला, "मावशे, उठा! दुपारपतूर ढोकीला पोचायचंय मला."

"जा की मंग. कुनी धरलंय तुला?"

ग्रामसेविका राजेश्वरी ओढणीनं डोळे झाकीत पुढं आली. तलाव चैत्रातच आटला होता. त्याच्या उघड्या तळावरून पश्चिमेचा वारा येत होता आणि खिंडारातून वाळू सरळ वस्तीकडं निघाली होती. दोन्ही कडांना हराळीची मुळं लोंबत होती, उसवलेल्या शिवणीच्या दोऱ्यांसारखी.

ही टेकडी कुठल्याच नकाशात नव्हती. एकवीस वर्षांपूर्वी इथं नुसता सपाट काठ होता. वाळूला चालता येतं, थांबता येत नाही. थांबण्यासाठी तिला कुणीतरी लागतं. एका उन्हाळ्यात कोंडाबाईनं बाभळीच्या फांद्यांची रांग रोवली. वारा तिथं अडखळला आणि अंगावरचं ओझं त्यानं तिथंच उतरवलं. फांद्या बुडाल्या, तेव्हा तिनं वर हराळीचे ठोंब लावले. हराळी वाळूखाली गाडली जाई आणि गाडल्या जागेवरून पुन्हा वर येई. दर वर्षी चार बोटं. अशी टेकडी पुरुषभर उंचावली, आणि तिच्या पाठीमागं वस्तीचा एकुलता आड निवळ राहिला. उन्हाळ्यात अठ्ठावीस घरं त्याच पाण्यावर जगत.

गेल्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांनी जवळची वाट म्हणून टेकडीच्या टोकावरून चाकं घातली. तेवढ्या पट्ट्यातली हराळी मेली. तेवढ्याच फटीतून वाळू आडात उतरू लागली. पोहऱ्यात पाण्याच्या आधी तीच दिसे. एका चाकोरीनं एवढं केलं होतं. आता सबंध टेकडी जाणार होती.

"मावशी, वरून आदेश आलाय," राजेश्वरी म्हणाली. "माझ्या हातात काही नाही."

ते खरंच होतं. नोकरीला तिला अकरा महिने झाले होते. शिक्का बसलेल्या कागदावर आपली रेघ ओढायची नसते, हे ती पहिल्याच आठवड्यात शिकली होती.

"वाच मंग. मोठ्यानं वाच, ह्यालाबी ऐकू दे."

राजेश्वरीनं वाचलं, "वस्तीच्या आड येणारी वाळू तातडीने काढण्यात यावी."

"आड येनारी?" कोंडाबाईचा आवाज चिरकला. "एकवीस वरसं वस्तीची राखन केली तिनं. कुनाच्या आड आली?"

"तसा अर्ज आलाय, मावशी."

"कुन्या मुडद्यानं दिला? नाव वाच त्याचं. त्याच्या हंड्यात वाळू पडो. मरताना घोटभर पानी न्हाय मिळायचं त्याला!"

राजेश्वरीनं पान उलटलं. वारा कागद हिसकावू पाहत होता. तिनं नाव मनात वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. वर बकेट कुरकुरली.

"वाच की. भ्याली व्हय?"

"अर्जदार," राजेश्वरी म्हणाली, "श्रीमती कोंडाबाई बलभीम कोकरे. डाव्या हाताचा अंगठा."

बिभीषण खदखदून हसला. "काय मावशे! अर्जबी तुमीच देता अन् आडव्याबी तुमीच बसता व्हय?"

कोंडाबाईनं आपल्या अंगठ्याकडं पाहिलं.

"म्या आडात म्हनलं व्हतं," ती अगदी हळू म्हणाली. "आडात येनारी वाळू काढा म्हनलं व्हतं. तू लिवलंस, बाई. म्या आंगठा दिला."

राजेश्वरीला ती दुपार आठवली. लाईट जाण्याची वेळ झाली होती, बाहेर रांग होती, आणि तिची बोटं कळफलकावर धावत होती. तिच्याच बोटांतून एक काना आणि एक त निसटला होता. तेच वाक्य वर गेलं, तेच शिक्का घेऊन खाली आलं, आणि येताना यंत्र घेऊन आलं.

कागदावरचा शिक्का जांभळा, गोल, पक्का होता. त्याखालची सही तिच्यापेक्षा तीन पायऱ्या वरच्या माणसाची होती.

तिनं पेन उघडलं. कागद गुडघ्यावर दाबून धरला. 'आड'च्या पुढं एक काना दिला. मग त लिहिला. शेजारी आपली सही केली, तारीख घातली, आणि कागद बिभीषणाकडं वर धरला.

त्यानं ओठ हलवीत तो वाचला. मग किल्ली फिरवली. यंत्र थांबलं तशी वाऱ्याची सळसळ एकदम जवळ आली.

"अन् आडात ही बकेट कशी घुसावी, मॅडम?" तो म्हणाला. "दोर आना. टोपल्या आना."

राजेश्वरी वस्तीकडं धावत निघाली. कोंडाबाई मात्र उठली नाही. खिंडारात, तिच्या पाठीशी, वाळू थांबू लागली होती.