मुंबईला गेलेला फोटो

‘ड्रायव्हर सापडला नाही’ अशी पाटी संगणकावर तिसऱ्यांदा आली आणि नीलिमाने सीडी काढून पुन्हा आत घातली. वेंगुर्ल्याजवळच्या या छोट्या रुग्णालयात आयएसडीएनची वेगवान फोन लाइन येऊन आठवडा झाला होता. तिच्यावरून इंटरनेट चालू करून द्यायला कंपनीने नीलिमाला आजच कोल्हापूरहून पाठवलं होतं. आणि आजच माडावरून पडलेल्या दाजी घाडींना बेशुद्ध अवस्थेत आणलं होतं. ऑपरेशनसाठी गोव्याला हलवायचं का, ते मुंबईचे मेंदूतज्ज्ञ त्यांच्या डोक्याचा स्कॅन इंटरनेटवरून पाहून सांगणार होते.

सीडीवरचा ड्रायव्हर, म्हणजे लाइनचं कार्ड चालवणारा प्रोग्राम, जुन्या कार्डाचा निघाला. नवा साध्या फोनच्या लाइनवरून उतरवून घेण्यात पाऊण तास गेला. शेवटी हिरवा दिवा लागला, स्कॅन गेला. नीलिमा आनंदाने ओरडलीच.

दहा मिनिटांत मुंबईहून फोन आला. रुग्णालयाच्या डॉक्टर कुबलांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच रिसीव्हर ठेवला.

“माझ्यामुळे उशीर झाला का?” तिने घाबरत विचारलं.

“नाही. सकाळी पाठवला असता तरी हेच म्हणाले असते. हलवू नका म्हणतात. काही उपयोग नाही. फार तर उद्यापर्यंत जगतील.”

बाहेर बाकावर दाजींची बायको बसली होती. नीलिमाला पाहताच ती लगबगीने उठली आणि तिने नीलिमाचे दोन्ही हात धरले.

“फोटो गेलो ना गो बाय मुंबयक? आता ह्ये बरे होतले.”

“फोटो गेला,” नीलिमा एवढंच म्हणाली. डॉक्टर बाहेर येईपर्यंत तिने ते हात सोडले नाहीत.