रंगवायची राहिलेली राणी

कर्वेनगरातल्या हॉलमध्ये खेळातल्या सोंगट्या रंगवायची स्पर्धा होती. अंगठ्याएवढे राक्षस, चेटकिणी, ड्रॅगन टेबलावर मांडलेले. परीक्षक आगटे भिंग घेऊन एकेकाची खोड काढत निघाले होते आणि त्यांना त्यात मजाही येत होती. शर्वरीच्या तलवारवाल्या राणीपाशी मात्र ते रेंगाळले. चिलखताच्या कड्या, डोळ्यांतली बुबुळं, सगळं चोख.

"काम झकास आहे हो. पण ओठांशी आणि डाव्या डोळ्याखाली आतला पांढरा प्रायमर दिसतोय. रंग संपला, की लाईट गेली?"

"तिथे मी रंग लावलाच नाही."

"मग मार्क कापावे लागतील. चेहरा पुरा नको का करायला?"

शर्वरी गाडीवरून आली तशी तोंडाला स्कार्फ बांधूनच उभी होती. तिने मागची गाठ सोडली आणि स्कार्फ टेबलावर ठेवला. तिच्या सावळ्या चेहऱ्यावर, ओठांशी आणि डाव्या डोळ्याखाली, अगदी तसेच पांढरे डाग होते.

आगटेंच्या हातातलं भिंग खाली आलं.

"चेहरा पुराच आहे," ती म्हणाली. "आता खुशाल कापा मार्क."